सातव्या चेंबरची नोंद

"बाई, कॉम्प्युटर बसून चालवायचा असतो," मोजपट्टी सर म्हणाले. "खुर्चीला काय खिळे आहेत?"

अख्खा वर्ग खिदळला. सतरा पोरं-पोरी आपापल्या खुर्च्यांवर आणि मी एकटी उभी, एक हात माउसवर, दुसरा कमरेवर. मी बसले. दोन मिनिटांनी पुन्हा उठले. काय करू, मला बसवतच नाही. काम जमायला लागलं की मी उभी राहते आणि जमेनासं झालं की चालायला लागते. सरांनी कपाळावर हात मारला आणि खिशातली स्टीलची टेप काढून उगाचच माझं टेबल मोजलं. बोलता बोलता समोर दिसेल ते मोजायची त्यांना सवय होती, म्हणून तर पोरांनी ते नाव ठेवलं होतं. पूर्वी ते रस्त्यांची मोजणी करायचे, आता आम्हाला शिकवत होते.

कोर्स बारा आठवड्यांचा. फायबरचं जाळं आखायला शिकायचं. म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तारा कंपनीच्या इमारतीपासून घराघरापर्यंत कुठून न्यायच्या, कुठल्या खड्ड्यात जोडायच्या, केबल किती लागेल, प्रत्येक जोडाशी उजेड किती गळेल, हे सगळं आधी पडद्यावर ठरवायचं. त्या खड्ड्यांना आम्ही चेंबर म्हणतो. रस्त्यात लोखंडी झाकण असतं ना, ज्याला लोक ठेचकाळतात आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, तेच.

बाकीची पोरं पंचविशीच्या आतली. मी चव्वेचाळीस. अकरा वर्षं याच कंपनीत नोंदीच्या खिडकीवर बसत होते, बसत म्हणजे उभीच. रस्त्यावर काम करणारी माणसं कागद आणून देणार आणि मी तो मजकूर नकाशात टाइप करणार. अमुक केबल अमुक चेंबरमधून गेली, तमुक चेंबर बुजला, असं. नोकरी कराराची. वर्ष संपत आलं की जीव टांगणीला लागायचा, या वेळी सही होते की नारळ मिळतो. डिझायनर झाले तर कायम होणार होते. आणि पंचेचाळिशी गाठलेल्याला या कोर्सला घेत नाहीत. तेव्हा जे काय करायचं ते याच वर्षी.

त्यात शेवटची परीक्षा कागदावर नव्हतीच. प्रत्येकाला एक खरी गल्ली द्यायची. ती आपण अंतर मोजायचं चाक फिरवत चालत मोजायची, आखायची आणि कंपनी ती आपल्या आराखड्याप्रमाणे खरोखर बांधणार. बांधताना काही बदलावं लागलं नाही तर पास. काही कमी-जास्त झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. पोरांना पुढचं वर्ष होतं, मला नव्हतं.

माझ्या वाट्याला शाळेजवळची गल्ली आली. चौसष्ट घरं, एक दवाखाना, नऊ चेंबर. आणि जोडणीच्या कामाला गाडी कुणाची यावी? आमच्या ह्यांची.

हे जोडणीवाले. बावीस वर्षं काचेला काच जोडतायत. घरी चष्मा शोधायला अर्धा तास लावणारा माणूस, पण मशीनखाली दोन तारा अशा जुळवतो की बघत राहावं.

"म्हणजे तू आखणार आणि मी जोडणार," बातमी ऐकून हे म्हणाले. "जन्मभर त्या उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शिव्या घातल्या, आणि शेवटी उंट माझ्याच घरात निघाला."

"तोंड सांभाळून हं. उंट चावतो."

पण शिकवलं मात्र त्यांनीच. तारांचे बारा रंग ओळीने पाठ पाहिजेत, ते त्यांनी माझ्याकडून भाजी चिरताना म्हणवून घेतले. सरळ आले की म्हणायचे, आता उलटे. उलटे आले की म्हणायचे, आता सातव्यापासून. एकदा मी सुरी आपटून म्हटलं, "मला जोडायचं नाहीये, आखायचंय!" तर म्हणाले, "जोडणाऱ्याचे हाल ठाऊक नसले की माणूस वेड्यासारखं आखतो."

आणि एक गोष्ट त्यांनी शंभरदा सांगितली. जोडाच्या प्रत्येक चेंबरमध्ये दहा मीटर जादा केबल गुंडाळून ठेवायचीच. कारण जोड खड्ड्यात करत नाहीत. जोडाची पेटी वर ओढायची, गाडीशेजारी टेबल मांडायचं, त्यावर बसून काम करायचं आणि पेटी परत खाली सोडायची. जादा केबल नसेल तर पेटी वर येणार कशी? मी माझ्या नऊही चेंबरांत दहा-दहा मीटर धरले. त्यात माझी चूक नव्हती.

चूक झाली मोजणीच्या दिवशी. चाक ढकलत मी पहिल्या चेंबरपासून निघाले आणि सहाव्यापर्यंत धडाधड आले. सहा ते सातच्या मधोमध एक ट्रक उभा. कुणाचं तरी सामान उतरत होतं, कपाटं, गाद्या, निम्मा रस्ता अडलेला. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा तास लागेल. अर्धा तास! मी पाच मिनिटं थांबले, त्यात दहा येरझाऱ्या घातल्या. मग वही काढली. सहा ते सात, एक्क्याऐंशी मीटर. मला पाठ होतं. त्या गल्लीची सगळी नोंद मीच टाइप केलेली होती, माझ्याच हातचा आकडा. मी तो लिहिला आणि पुढे सटकले.

बांधायच्या दिवशी आम्हाला गल्लीत जायची बंदी होती. मी सेंटरवर दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. खिडकीपाशी जा, परत ये, पाणी पी, फोन बघ. एका पोरीने मला चहा आणून दिला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही चालताय आणि गरगरतंय मला." संध्याकाळी पाचला अहवाल आला. नऊही जोड पूर्ण. जादा केबल सगळीकडे दहा मीटर. आराखड्यात बदल नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी पळत गेले म्हणा ना.

"झालं?" मी दारातूनच विचारलं.

"झालं," हे म्हणाले.

"अगदी काही बदल नाही?"

"काही नाही. कायम झालीस तू. आता जेवायला वाढ, डिझायनरबाई."

मी काय काय बोलत होते कुणास ठाऊक. कायम नोकरी म्हणजे आजारपणाची रजा, म्हणजे वर्ष संपताना साहेबाच्या दारात उभं राहायला नको, म्हणजे खिडकीच्या अलीकडे नाही, वरच्या मजल्यावर टेबल. हे मान हलवत होते. आमच्या घरात उभ्याने जेवणारी मी, आणि त्या दिवशी ओट्याला टेकून हे जेवले. मला तेव्हाही कळलं नाही. आनंदात माणूस आंधळा होतो, दुसरं काय.

सकाळी सातला त्यांच्या गाडीवरच्या ड्रायव्हरचा फोन आला. हे अजून झोपले होते, मी उचलला.

"वहिनी, दादा उठले का? पाठ कशी आहे?"

"पाठीला काय झालंय?"

तो गडबडला. मग म्हणाला, "नाही, आपलं सहज."

"भाऊजी, सकाळी सात वाजता कुणी सहज पाठीची चौकशी करतं का? सांगा बघू काय झालं ते."

बिचाऱ्याने सांगितलं. सातव्या चेंबरशी केबल कमी पडली. सहा मीटर. पेटी वर येईना. हे म्हणाले, फळी टाक खाली. खड्ड्यात फळी, फळीवर मशीन, आणि हे अंगाची घडी करून आत. अठ्ठेचाळीस तारा. साडेचार तास. गेल्या वर्षी मणका सरकला तेव्हा डॉक्टरांनी वाकून चप्पलसुद्धा उचलायची नाही असं बजावलेल्या माणसाने! शेवटी दोघांनी काखेत हात घालून वर काढलं. "मला शपथ घातलीय वहिनी, सांगायचं नाही म्हणून," ड्रायव्हर म्हणाला.

मी आत गेले. हे गादी सोडून फरशीवर उताणे झोपले होते, डोळे उघडे.

"केबल कमी कशी पडली?" मी विचारलं.

"बोलला वाटतं गाढव." त्यांनी छताकडे बघत सुस्कारा सोडला. "एक्क्याऐंशी नाही ते अंतर. सत्त्याऐंशी आहे. शाळेचं फाटक रुंद केलं तेव्हा चेंबर सहा मीटर पुढे सरकवला. नऊ वर्षं झाली. आम्हीच सरकवला."

"मग नोंदीत का नाही?"

"मी सांगितलं होतं तुला."

आता हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण आमच्या घरची रीतच ती होती. बाकीचे लोक रस्त्यात काही बदललं की फॉर्म भरून माझ्या खिडकीशी रांग लावायचे. हे संध्याकाळी घरी आले की शर्टाची बटणं काढत सांगायचे, अगं, त्या बँकेसमोरचा चेंबर बुजवला, टाकून दे उद्या. मी भांडी घासता घासता हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी टाकायचे. अर्ध्या गावाचा नकाशा आमच्या स्वयंपाकघरातून गेलाय. एकही विसरले नाही अशी मला घमेंड होती. एक विसरले होते.

"सांगितलं असेल," मी म्हटलं. "पण कागद का नाही दिलात?"

"बायको खिडकीत बसलेली असताना रांगेत कोण उभं राहील?"

मी खाली बसले. मोजते म्हणून गेले आणि मोजलंच नाही, म्हणजे माझं चुकलंच. तेवढा अर्धा तास थांबले असते तर चाकाने सत्त्याऐंशी दाखवलेच असते. "अहवालात तुम्ही दहा मीटर लिहिलंत," मी म्हटलं. "तिथे चारच आहेत."

"हं."

"उद्या कुणी दुसरा जोडणीवाला गेला, नोंदीत दहा बघून पेटी वर खेचली, तर?"

तर काय होईल ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चार मीटरची केबल दहाच्या हिशोबाने ओढली की अठ्ठेचाळीस काचा एका झटक्यात तुटणार. घरं अंधारात नाही जाणार, पण फोन बंद, दवाखान्याचा फोनही बंद. आणि पेटी ओढणारा म्हणेल, माझ्या हातून तुटलं.

"तिथे दुसऱ्याला जाऊच देणार नाही मी," हे म्हणाले. "मीच जात जाईन."

"तुम्हाला आत्ता कुशीवर वळता येईना, आणि मीच जाईन म्हणे!"

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन महिने जाऊ दे. कायम झाल्याचा कागद हातात पडू दे. मग गुपचूप बदल तो आकडा. कोण बघतंय?"

"अकरा वर्षं मी लोकांच्या खोट्या नोंदी शोधून शोधून दुरुस्त केल्या. त्यांच्या नावाने बोटं मोडली. आता माझीच पहिली सही खोट्या आकड्याखाली करू?"

"मग मी काल खड्ड्यात कशाला बसलो?" हे एकदम ओरडले. ओरडल्यावर पाठीत कळ आली असावी, चेहरा वेडावाकडा झाला. "माझ्यासाठी बसलो होतो का मी?"

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदमच येतात मला. त्यांच्या पाठीला मलम चोळून दिलं आणि सेंटरवर गेले. चार थांबे बसमध्ये उभी राहून गेले, गाडी रिकामी होती तरी.

मोजपट्टी सर खूश होते. निकालाच्या यादीवर त्यांची सही झाली होती आणि माझं नाव वरून तिसरं होतं. त्यांनी शेवटचा नकाशा पुढे सरकवला, जसं बांधलं तसा. खाली डिझायनरने सही करायची.

"सर, सहा ते सात सत्त्याऐंशी आहे," मी म्हटलं. "आणि सातव्यात जादा केबल चार मीटर आहे, दहा नाही."

त्यांनी चष्मा काढला. "अहवालात दहा आहे."

"आराखड्यात दहा होतं म्हणून लिहिलं गेलं असेल. तुम्ही झाकण उघडून बघा."

"तुम्ही मोजलं नव्हतंत?"

"तेवढं एक नव्हतं मोजलं. नोंदीतला आकडा घेतला."

"आणि नोंद चुकीची कशी?"

"चेंबर सरकवला होता. मला कळवलं होतं. मी टाकायला विसरले."

"कुणी कळवलं होतं?"

"आठवत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हे जोडणीवाले आहेत हे अख्ख्या सेंटरला माहीत होतं. त्यांच्या हातात टेप होती, पण त्यांनी काही मोजलं नाही. "हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं, बाई," ते शेवटी म्हणाले.

"माहितेय सर."

"नियम मी बदलू शकत नाही."

"तेही माहितेय."

त्यांनी यादी ओढली आणि वरून तिसरं नाव पट्टी लावून सरळ रेषेत खोडलं. मग म्हणाले, "बसा जरा." मी बसले. आणि गंमत सांगते, पहिल्यांदाच उठावंसं वाटलं नाही. पोरं जेवणाच्या सुट्टीला गेली, परत आली, तरी मी तिथेच.

घरी सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण." मग आठ दिवस अबोला. ताट वाढून द्यायचं, ते रिकामं परत यायचं, बस. माझी गल्ली एका पोराला दिली. त्याने सहा ते सात नवी केबल आखली आणि जोडणीला दुसरी गाडी गेली. आमचे हे पंधरा दिवसांच्या सक्तीच्या रजेवर, पाठीमुळे. मी माझ्या खिडकीवर परत आले. नवा नकाशा माझ्याकडेच आला टाइप करायला. डिझायनरच्या रकान्यात त्या पोराचं नाव टाकलं, काना-मात्रा तपासून. त्या रकान्यात माझं नाव कसं दिसेल ते मी किती वेळा मनात लिहून पाहिलं होतं.

नवव्या की दहाव्या दिवशी खिडकीसमोर नेहमीसारखी रांग होती. मी मान खाली घालून कागद घेत होते. एक कागद आत आला, घडी घालून घालून मऊ झालेला. अक्षर ओळखीचं. काचेचा केस जुळवणाऱ्या माणसाचं अक्षर इतकं गचाळ कसं, हे मला लग्नापासून पडलेलं कोडं. मी वर पाहिलं. कमरेला पट्टा बांधून हे उभे होते, रांगेत, पुढे चार आणि मागे सहा माणसं असताना आपला नंबर येईपर्यंत उभे राहिलेले.

चेंबर सरकवल्याची सूचना. चेंबर क्रमांक सात. सरकवलेलं अंतर सहा मीटर. काम झाल्याची तारीख नऊ वर्षांपूर्वीची. काम करणाऱ्याचं नाव, सही. त्याखाली उशिराचं कारण लिहायचा रकाना असतो. लोक तिथे काहीबाही लिहितात, पाऊस, आजार, फॉर्म संपले होते. यांनी लिहिलं होतं, "रांगेत उभं राहायचा कंटाळा केला. बायकोला घरी तोंडी सांगितलं. ती कामात होती. चूक माझी. नंतर अहवालात दहा मीटर लिहिले तेही मीच, जाणूनबुजून."

मी दोनदा वाचलं.

"अहो," मी हळूच म्हटलं, "मेमो येईल तुम्हाला. गाडी काढून घेतील."

"येऊ दे."

"याने माझा निकाल बदलणार नाहीये. न मोजता आकडा लिहिला ते माझंच होतं."

"ते ठाऊक आहे मला." त्यांनी एक हात खिडकीच्या कडेला टेकला. पाठ दुखत असणार, पण आवाज अगदी परक्या माणसासारखा काढला. "पोच द्या मॅडम. मागे लोक खोळंबलेत."

मी शिक्का मारला. तारीख घातली. पोच फाडून त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी वाचली, नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि भिंतीचा आधार घेत घेत निघाले. मागच्या माणसाने आपला कागद पुढे केला.

"थांबा जरा," मी त्याला म्हटलं, आणि दारातून बाहेर पडेपर्यंत ह्यांच्याकडे बघत राहिले.